साडेतेराचं ॲव्हरेज

मुलांनो,

तुम्ही इकडे येता तेव्हा राहुरीत राहता, ऊस खाता, मुळा धरण बघता आणि परत जाता. आपल्या जिल्ह्याची पूर्व बाजू तुम्ही पाहिलेली नाही. तिकडे मुद्दाम कोणी जात नाही. मीही चाळीस वर्षांत दोनदाच गेले होते. या दिवाळीनंतर तीन दिवस जाऊन आले. गाडी मी चालवली आणि शेजारी शकू होती, म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. का गेले होते ते तुमच्या बाबांना फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

निघण्याआधी

आधी वहीबद्दल सांगायला हवं. नव्या गाड्या ॲव्हरेज आपणच दाखवतात. आमची गाडी जुनी, तिचं ॲव्हरेज मला काढावं लागतं. दर शनिवारी सकाळी एकाच पंपावर, एकाच मशीनवर मी टाकी फुल करते. नळी आपोआप पहिल्यांदा बंद झाली की तिथेच थांबायचं, वर एक थेंब घालायचा नाही. मागच्या शनिवारपासून गाडी जितके किलोमीटर चालली त्यांना आज भरलेल्या लिटरांनी भागायचं. दोन्ही वेळा टाकी सारखीच भरलेली, म्हणून मधल्या आठवड्यात जळलं ते तेवढंच. एका आठवड्याच्या आकड्यावर विसंबायचं नाही, चार आठवडे एकत्र बघायचे. अशा बारा वर्षांच्या तीन वह्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. तुम्ही गॅलनला मैल मोजता, आम्ही लिटरला किलोमीटर. आमच्या गाडीचं सोळा.

आजोबांच्या शेवटच्या वर्षी ते सोळा साडेतेरावर आलं. तेव्हा आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला नगरला न्यावं लागे. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण शहराला आम्ही नगरच म्हणतो.) भानुदास आमचा ड्रायव्हर. सात वर्षं आमच्याकडे होता. मी गॅरेजवाल्याला गाडी दाखवली, प्लग बदलले, हवा तपासली, आकडा हलला नाही. आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गाडी जुनी झाली. माझ्यासारखीच. सोडून दे." मी सोडलं नाही. दर शनिवारी त्या आकड्यापुढे लाल शाईनं 'भा.?' असं लिहीत गेले.

आजोबा गेल्यावर दीड महिन्यानं मी वही उघडून भानुदासला समोर बसवलं आणि विचारलं, की हे पेट्रोल जातं कुठे. तो म्हणाला, "मी काढलं न्हाई, बाई." त्यापुढे काही बोलला नाही. मी त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पुढे गावातल्या एका डॉक्टरीणबाईंनी, ज्यांना ड्रायव्हर हवा होता, मला फोन करून तो कसा आहे असं विचारलं. मी वाईट शब्द वापरला नाही. फक्त आकडे सांगितले.

मग वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले. चार आठवड्यांत ॲव्हरेज पुन्हा सोळावर आलं. त्या सोळाखाली मी दोन रेघा मारल्या.

याला सहा वर्षं झाली. या एप्रिलमध्ये शकूला डोळे तपासायला नगरला नेलं होतं. डोळ्यांत औषध घातलेलं, बाहेर ऊन, म्हणून ती एसी लावून गाडीतच बसली आणि मी बँकेतलं काम करून आले. तासभर लागला. शनिवारी टाकी भरली तर आकडा साडेतेरा. पंपावर उभ्या उभ्या मी तो तीनदा ताडून पाहिला. तोच आकडा होता. उभी गाडी पेट्रोल जाळते आणि किलोमीटर दाखवत नाही, ही इतकी साधी गोष्ट; आणि माझ्या वहीत किलोमीटरला रकाना होता, उभं राहण्याला नव्हता. घरी येऊन जुनी वही काढली. त्या वर्षी उन्हाळ्यात आकडा जास्त खाली आलेला, थंडीत थोडा कमी. ज्या दोन आठवड्यांत आजोबांना नगरच्याच दवाखान्यात ठेवलं होतं आणि गाडी नुसती माझ्या फेऱ्या करत होती, त्या आठवड्यांत नीट सोळा. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

म्हणजे कोणीतरी इंजिन चालू ठेवून बसत होतं. भानुदास स्वतः गारव्याला झोपत असेल, असंही मनात आलं. खोटं कशाला सांगू. पण त्यानं पेट्रोल काढलं नव्हतं एवढं नक्की झालं होतं. त्याचा जुना फोन नंबर लागेना. शेवटी त्याच्या इथल्या शेजाऱ्याकडून वस्तीचं नाव मिळालं. मग शकूची खोली रंगवायची निघाली, मग पाऊस लांबला. एप्रिलचं नोव्हेंबर झालं. ही सबबच होती, रंगाची आणि पावसाचीही.

राहुरी ते जामखेड

सकाळी सातला टाकी फुल करून निघालो. नगर ओलांडून जामखेड रस्त्याला लागलं की पहिल्या अर्ध्या तासातच जमिनीचा रंग बदलतो. आपल्याकडे कालव्याचं पाणी आहे, डोळ्यांना हिरव्याची सवय झालेली. इथे काळी जमीन, मग मुरूम, मग नुसते दगड. ज्वारी वीतभर आलेली. रस्ता मध्येच बीड जिल्ह्यात शिरतो, आष्टी ओलांडतो आणि जामखेडला पुन्हा आपल्या जिल्ह्यात येतो. शकूला हे काही केल्या पटेना. "वहिनी, आपण जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जायला दुसऱ्या जिल्ह्यातून चाललोय? मग घरून निघून शेजाऱ्याच्या अंगणातून स्वयंपाकघरात जायचं, तसंच की."

समोरून ट्रॅक्टर येत होते. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत अंथरुणं, हंडे, पत्र्याच्या पेट्या, बांधलेली शेळी आणि त्यावर बसलेली माणसं. ऊसतोडीला निघालेली, आपल्या बाजूच्या कारखान्यांना. आपल्या अंगणात तुम्ही जो ऊस सोलून खाता तो तोडायला ही माणसं एवढं अंतर येतात, हे मला माहीत होतं. पण त्यांच्या उलट दिशेनं गाडी चालवत जाताना पहिल्यांदा दिसलं. मी मोजायला लागले आणि सतराव्या ट्रॅक्टरला थांबले. शकू म्हणाली, "आता ह्यांचंही ॲव्हरेज काढणार का?"

कडा गावाच्या अलीकडे एका पंपावर शौचालयासाठी थांबलो. पंपावरच्या माणसानं विचारलं, "टाकू का बाई, राउंड फिगर?" मी नको म्हणाले, आपला पंप सोडून कुठे भरलं की हिशोब बिघडतो. शकूनं त्याला सांगितलं, "आमच्या वहिनींच्या गाडीला परक्या घरचं चालत नाही, दादा." तो हसला आणि आम्हाला माठातलं पाणी दिलं.

दुपारी जामखेडला पोचलो. लॉजची खोली स्वच्छ होती, फक्त पंखा एकाच वेगात फिरायचा. जेवायला बाजरीची भाकरी आणि ठेचा. ठेचा असा की शकू दहा मिनिटं काही बोलली नाही. संध्याकाळी मी खोलीत बसून काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. चाळीस वर्षं वर्गात शिकवलेली बाई मी, कागदाशिवाय उभी राहत नाही. शकूनं तो कागद वाचला आणि म्हणाली, "हे तर शाळेच्या नोटीसबोर्डावर लावायचं पत्र झालं. वहिनी, नुसतं जा."

खर्ड्याच्या रस्त्याला

दुसऱ्या दिवशी सकाळी खर्ड्याच्या रस्त्यानं निघालो. वस्तीचा फाटा सापडायला दोन वेळा चुकलो. फाट्यापासून आत कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना बाभळी. शेवटच्या वळणावर गाडी एका अंगाला ओढायला लागली. काटा लागला असणार. तशीच हळूहळू नेली.

दोन खोल्यांचं घर, समोर दुधाचा छोटा टेम्पो, आणि त्यामागे किटल्या विसळत बसलेला माणूस. त्यानं आधी गाडीकडे पाहिलं. आम्हाला पाहण्याआधी त्यानं गाडी ओळखली. उठून आला, वाकला, आणि सहा वर्षांनंतर माझ्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य असं होतं: "बाई, मागचं डावं बसलंय."

मी काही बोलायच्या आत त्यानं डिकी उघडली. जॅक कुठे आहे, पाना कोणत्या फडक्यात गुंडाळलेला आहे, विचारावं लागलं नाही. तो जिथे ठेवायचा तिथेच मी ते ठेवते. त्याचे केस पांढरे झाले आहेत. चाक बदलताना त्यानं तुमच्या बाबांची चौकशी केली, तुम्ही किती मोठे झालात ते विचारलं. नट आवळून झाल्यावर हात पुसले, खिडकीतून आत वाकला आणि म्हणाला, "चौऱ्याऐंशी हजार दोनशे चौदा."

नगरहून परत आल्यावर तो दर वेळी असाच आकडा सांगायचा. मी फाटकाशी वही घेऊन उभी असायचे.

त्याची बायको मंगल दारात आली. तिनं आत बोलावलं, पाणी दिलं आणि पाठ करून चुलीशी बसली. जेवायची वेळ होत आली होती. हुलग्याचे शेंगोळे केले होते. कुळिथाच्या पिठाची बोटाएवढी कडबोळी लसणाच्या रश्श्यात शिजवतात. आपल्याकडेही करतात, पण इतका दाट रस्सा मी खाल्ला नव्हता. शकूनं दोनदा मागून घेतले. तिनं मागितलं म्हणून घरात थोडं सैल झालं. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. इथे मंगलनं आग्रह केला नाही, ताट रिकामं दिसलं की न विचारता वाढलं.

जेवण झाल्यावर मी कागद बाहेर काढलाच नाही. विचारलं, "भानुदास, त्या वर्षी इंजिन चालू ठेवून गाडी कुठे उभी असायची?"

त्यानं शकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुनी सांगितलं तुमाला?"

"कोणी नाही. वहीतच होतं. मला उशिरा वाचता आलं."

तो ताटं उचलायला लागला. दारातून मंगल म्हणाली, "सांगा की आता. सहा वर्सं झाली. कुनाचं राखताय?"

मग त्यानं सांगितलं. डायलिसिस झाल्यावर आजोबांच्या अंगात काही उरत नसे. पायात गोळे येत, मळमळे, थंडीत हुडहुडी भरे. नगरहून निघाल्यावर विळद घाट उतरला की डाव्या हाताला चिंचेची तीन झाडं होती, मधल्या झाडाखाली ते गाडी उभी करायला सांगत. उन्हाळ्यात एसी, थंडीत हीटर. सीट मागे करून पडून राहत. भानुदास त्यांचे पाय दाबे. कधी उलटी होई, तो बाटलीतलं पाणी देई. तासाभरानं बरं वाटलं की आजोबा उठून बसत, तोंड धूत, आरशात बघून भांग पाडत आणि म्हणत, चल, बाई वाट बघत असतील.

मुलांनो, ते घरी यायचे तेव्हा मला वाटायचं, बाकीच्या पेशंटांपेक्षा यांना किती छान सोसतं. फाटकापासून दारापर्यंत ताठ चालत यायचे. मी लोकांना तसं सांगायचे. दवाखान्यात फार वेळ घेतात म्हणून दोनदा तक्रारही केली होती.

मी विचारलं, की माझ्यापासून हे कशाला लपवायचं. भानुदासनं सरळ उत्तर दिलं नाही. आधी म्हणाला, सरांची तुमच्यावर काही नाराजी नव्हती. मग म्हणाला, "तुमी सगळं लिव्हायचा न् बाई. वजन, बीपी, पान्याचे कप. सर म्हनायचे, तेवढा एक तास बाईंच्या वहीत नको."

मी त्यांचं पाणी कपानं मोजून देत असे. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. किती प्यायले, किती वजन वाढलं, सगळं लिहीत असे. ते माझं प्रेमच होतं. पण त्यांनी त्यातून एक तास काढून घेतला होता आणि तो मी दर शनिवारी लाल शाईनं शोधत होते.

"पण ते गेल्यावर तरी सांगायचं," मी म्हणाले. "मी तुला समोर बसवून विचारलं होतं."

"सर जाऊन दीड म्हैना झाल्ता," तो म्हणाला. "तवा सांगितलं आसतं तर मेलेल्या मानसावर ढकलल्यावानी झालं आसतं. आन् तुमी खरं मानलं आसतं का? तुमच्याकडं वही हुती. माझ्याकडं काय हुतं?"

मी त्या दिवशी त्याचं मानलं नसतं.

मंगल चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, राहुरीत कोणी काम देईना म्हणून ते इकडे परत आले, आणि एक साल दोघं कोयत्यावर गेले. म्हणजे ऊस तोडायला. भानुदासनं लहानपणी आईबापांबरोबर तोडलेला ऊस, आणि ड्रायव्हिंग शिकला ते त्यातून सुटायलाच. टोळी पडली नेमकी राहुरीच्या बाजूला. भानुदास थोडा हसला. म्हणाला, "तुमाला बघितलं मी तवा, बाई. फडाच्या कडंनं गेला तुमी, गाडी चालवत. गेर टाकताना लई आवाज करत हुता."

शकू हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी म्हणाले, "माझं चुकलं, भानुदास."

मला वाटलं तो जाऊ द्या म्हणेल. आपल्यात तसं म्हणण्याची रीत आहे. तो म्हणाला, "व्हय, बाई. चुकलं." आणि उठून किटल्या टेम्पोत चढवायला गेला, कारण दुधाची वेळ झाली होती.

त्याच्या मागे जाऊन मी त्याला विचारलं, परत येशील का. राहायला मागची खोली आहे, मला आता दूरचं चालवणं झेपत नाही. किटली लावता लावता तो म्हणाला, "मानसांची गाडी सोडली आता. दुधाची चालवतो. तीच वाट, तीच वेळ. बरं हाय." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

निघताना आपल्याकडे "या पुन्हा" म्हणतात. ज्यांचं तोंड बघायची इच्छा नसते त्यांनाही म्हणतात. मंगल गाडीपर्यंत आली, शकूच्या हातात हुलग्याची पुरचुंडी दिली आणि मला म्हणाली, "सावकाश जावा." मी गिअर अगदी हलक्या हातानं टाकला.

विळद घाटाखाली

तिसऱ्या दिवशी जामखेडहून परत निघालो. नगरला थांबलो नाही. घाट उतरल्यावर डाव्या हाताला बघत चालले होते. रस्ता रुंद करताना झाडं तोडली आहेत. चिंचेचे तीन बुंधे होते, धुळीनं भरलेले. मधल्या बुंध्याशेजारी गाडी उभी केली. इंजिन बंद केलं नाही, एसी चालू ठेवला.

शकूनं किती वेळ म्हणून विचारलं. एक तास, मी सांगितलं. एरवी तिनं एखादा टोला ठेवून दिला असता. तिनं चपला काढल्या, पाय वर घेतले आणि डोळे मिटले. शेजारून ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर गाडी थोडी हलायची. मी सीट मागे केली. छताच्या कापडावर, शेजारच्या सीटच्या बरोबर वर, एक लहान डाग आहे. बारा वर्षांत तो मला कधी दिसला नव्हता. आडवं पडल्याशिवाय दिसत नाही. त्या सीटवर पडून आजोबांना दर वेळी दिसत असेल. इंजिनच्या फेऱ्यांचा काटा एका जागी थरथरत होता आणि किलोमीटरचा आकडा हलत नव्हता. तास फार मोठा असतो. अठ्ठेचाळीस आठवडे, आठवड्यातून दोनदा, त्या वेळी मी सात-आठ कोसांवर चहाचं आधण ठेवून, वही काढून वाट बघत होते. एकदा तरी बरोबर गेले असते. ते म्हणायचे, तू कशाला येतेस, तिथे नुसतं बसायचं असतं. मी ते खरं धरलं, कारण मला घरी कामं होती.

घरी

दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सांगितलं, की सहा वर्षांपूर्वी मी तुम्हाला फोनवर भानुदासबद्दल जे सांगितलं ते चूक होतं, माणूस प्रामाणिक आहे. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, "कोण हो भानुदास?"

शनिवारी नेहमीच्या पंपावर टाकी भरली. पंधरा पॉइंट दोन आलं. तो आकडा लिहिला.

मग जुनी वही काढली. वहीत मी खोडत नाही हे तुम्हाला माहीत आहे. चुकलं तर त्यावर एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी बरोबर असेल ते लिहायचं, हे मी तुमच्या बाबांनाही शिकवलं आहे. पट्टी घेतली आणि प्रत्येक 'भा.?' वर एकेक रेघ मारली. शेजारी काही लिहिलं नाही. काय लिहायला हवं ते मला आता ठाऊक आहे, पण आजोबांना ते त्या वहीत नको होतं. हे तुम्हाला वेगळ्या कागदावर लिहिते आहे.

पुढेमागे या वह्या तुमच्या हाती येतील. त्या वर्षीच्या पानांवर रेघांच्या शेजारी जागा कोरी दिसेल. ती लिहायची राहून गेलेली नाही.

तुमची,
आजी